१३१६ दिवस आणि आमचा हिशोब

प्रति,
डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती-कंपनीच्या सामन्यांच्या कथा लिहिणाऱ्या आणि बेल्ट कुणाच्या कमरेला जाणार हे ठरवणाऱ्या मंडळींस,

विषय : पुढच्या चॅम्पियनचे दिवस आम्हाला मोजायला लावू नयेत, याबाबत.

स. न. वि. वि.

रोमन रेन्स १३१६ दिवस युनिव्हर्सल चॅम्पियन होता. ३० ऑगस्ट २०२० ला पेबॅक या कार्यक्रमात त्याने ब्रॉन स्ट्रोमनला पिन करून (म्हणजे तीन मोजेपर्यंत खांदे जमिनीला टेकवून) बेल्ट घेतला आणि ७ एप्रिल २०२४ ला फिलाडेल्फियात कोडी रोड्सने तो त्याच्याकडून काढून घेतला. हे लिहायला मला काहीही शोधावं लागलं नाही. तुमच्या समालोचकांनी आठवड्यामागून आठवडे हा वाढता आकडा असा घोकून घेतला की तो पाढ्यासारखा डोक्यात बसलाय. माझी तक्रार त्या आकड्याबद्दल आहे, रोमनबद्दल नाही. रोमनशी माझं जुनं भांडण होतं. ते मिटलं. कसं, तेच आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं तुम्हाला एखाद्या नाराज प्रेक्षकाची किरकिर वाटणार नाही.

जानेवारी २०१५. रॉयल रंबल, म्हणजे तीस जणांनी एकमेकांना रिंगबाहेर फेकण्याची लढत, तेही फिलाडेल्फियातच. लोकांचा लाडका डॅनियल ब्रायन मधेच बाहेर फेकला गेला, तेव्हाच सगळ्यांना कळलं की आज कुणाला जिंकवायचं ठरलंय. रोमन जिंकला. त्याचा हात वर करायला खुद्द द रॉक रिंगमध्ये आला, आणि तरी अख्खं सभागृह हुर्यो करत होतं. रॉकचा चेहरा पाहा कधीतरी त्या चित्रफितीत. आपल्याच घरच्या लग्नात पाहुणे जेवणाला नावं ठेवतायत आणि आपण मात्र हसत उभं राहायचंय, तसा झाला होता तो. तिथून पुढे चारपाच वर्षं तुम्ही आम्हाला रोमन भरवत राहिलात आणि आम्ही तोंड फिरवत राहिलो. २०१७ मध्ये अंडरटेकरला हरवल्याच्या दुसऱ्या रात्री तो रिंगमध्ये नुसता उभा होता. कितीतरी मिनिटं लोक ओरडत होते, शिव्या घालत होते. तो माइक तोंडाशी नेई आणि परत खाली घेई. शेवटी ‘आता हे अंगण माझं आहे’ अशा अर्थाचं एकच वाक्य बोलून निघून गेला. मला तेव्हाच वाटलं होतं, अरे, हा माणूस खलनायक म्हणून सोनं आहे. तुम्ही त्याला नायक का करताय?

तुम्हाला ते कळायला २०२० उजाडलं. आणि नशिबाची थट्टा बघा, ज्या प्रेक्षकांनी पाच वर्षं घसा फोडून त्याला हील, म्हणजे खलनायक, करा म्हणून सांगितलं, तेच नेमके त्या वेळी घरात कोंडलेले होते. ऑर्लँडोच्या अॅमवे सेंटरमध्ये खुर्च्यांच्या जागी पडदे होते आणि पडद्यांवर आमचे चेहरे. त्या थंडरडोममध्ये रोमन परत आला आणि पाठोपाठ त्याने पॉल हेमनला आपली वकिली करायला बरोबर घेतलं. पेबॅकच्या सामन्यात तर तो सामना अर्धा झाल्यावर, करारावर सही करत करत आला. तिसरा गडी ब्रे वॅट आणि स्ट्रोमन एकमेकांना मारून दमले होते, रिंगही मोडून पडली होती. हा आला आणि तयार ताटावर बसला. नायकाला हे कधी शोभलं नसतं. याला शोभलं.

मला तर वाटतं, समोर प्रेक्षक नव्हते म्हणूनच तो घडला. समोर पंधरा हजार लोक असते तर त्याला त्यांच्यासाठी बोलावं लागलं असतं. रिकाम्या सभागृहात तो हळू बोलायला शिकला, थांबायला शिकला, नात्यातल्या भावाकडे, जे उसोकडे, नुसतं बघत राहायला शिकला. ऑक्टोबर २०२० चा ‘हेल इन अ सेल’चा सामना घ्या, ज्यात समोरच्याने तोंडाने ‘मी हरलो’ म्हणायचं होतं. जे उसो मार खात होता पण म्हणत नव्हता. त्याचा जुळा भाऊ जिमी लंगडत आत आला, हातापाया पडला. रोमन रडला. खरंच वाटलं की हा विरघळला. त्याने जिमीचा हात हातात घेतला आणि त्याच हाताला धरून त्याचा गळा आवळला. भावाला वाचवायला जे उसो हरला. बाहेर अफा आणि सिका, घरातली वडीलधारी मंडळी, घराचा प्रमुख म्हणून रोमनच्या गळ्यात माळ घालायला उभी होती. हे सगळं बघून मी खुर्चीत मागे टेकलो आणि म्हटलं, ठीक आहे बाबा, मानलं तुला.

‘ते सगळं ठरवून असतं ना?’ असं विचारणारा एक जण प्रत्येक घरात असतोच. असतं की. नाटकातही असतं. पण चांगल्या नाटकात तिसऱ्या अंकात काय होणार हे माहीत असूनही हात गार पडतात. आणि माझं म्हणणं इथूनच सुरू होतं.

बेल्ट हा तुमच्या नाटकातला एकमेव खरा डाव आहे. कोण कुणाचा भाऊ, कुणी कुणाला दगा दिला, ही सगळी त्याभोवतीची सजावट. चॅम्पियन रिंगमध्ये उतरला की बघणाऱ्याच्या मनात ‘आज जाऊ शकतो’ ही एवढीशी शंका हवी. ती असली तर चॅम्पियनने दहा वर्षं बेल्ट ठेवला तरी आम्ही कुरकुरणार नाही. ती गेली की तीस दिवसही फार होतात.

पहिल्या दीड-दोन वर्षांत ती शंका तुम्ही छान सांभाळलीत. टॅम्पाच्या रेसलमेनियात, तुमच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या सोहळ्यात, एज आणि ब्रायन दोघं समोर होते, आणि रोमनने एकावर एक दोघांना रचून एकदमच पिन केलं. असा शेवट मी कधी पाहिला नव्हता. जॉन सीना आला, ब्रॉक लेस्नर आला. एप्रिल २०२२ मध्ये लेस्नरला हरवून त्याने दोन्ही मोठे बेल्ट एकत्र केले. आणि चूक, माझ्या मते, तिथेच झाली. रोमन जिंकला ही चूक नव्हे. रॉ आणि स्मॅकडाऊन या दोन कार्यक्रमांचे दोन बेल्ट एका माणसाच्या खांद्यावर दिले आणि मग तो माणूसच महिनोन्‌महिने दिसेना, ही चूक. त्यानंतर त्याच्या तारखा कमी होत गेल्या. त्या का कमी झाल्या यावर मला काही म्हणायचं नाही. २०१८ मध्ये ल्युकेमिया परतल्याचं सांगून बेल्ट रिंगमध्ये ठेवून गेलेला माणूस आहे तो. त्याने कमी काम करावं, घरी राहावं, मला आनंदच आहे. पण माणूस घरी राहिला तरी बेल्टने घरी राहायचं कारण नव्हतं.

आता थोडा हिशोब. २ एप्रिल २०२३ ला लॉस एंजलिसमध्ये कोडीशी सामना. त्यानंतर बेल्ट पुन्हा पणाला लागला ५ ऑगस्टला, डेट्रॉइटमध्ये, जे उसोविरुद्ध. मधे १२५ दिवस. मग ४ नोव्हेंबरला रियाधमध्ये एलए नाइटशी : ९१ दिवस. मग २७ जानेवारी २०२४ ला रंबलच्या रात्री ऑर्टन, स्टाइल्स आणि नाइट या तिघांशी : ८४ दिवस. आणि मग थेट फिलाडेल्फिया : आणखी ७१. म्हणजे शेवटच्या वर्षभरात तुमचा सर्वांत मोठा बेल्ट मोठ्या मंचावर पणाला लागला तो चार वेळा. एकेकाळी तुमच्याच समालोचनात चॅम्पियनने तीस दिवसांत एकदा तरी बेल्ट पणाला लावलाच पाहिजे असा नियम ऐकू यायचा. तो कुठल्या फाइलीत गेला देव जाणे. लेस्नर आधी ५०४ दिवस चॅम्पियन होता, तेव्हाही तो कुणाला आठवला नव्हता, त्यामुळे याचं खापर एकट्या रोमनवर फोडणं बरोबर नाही.

आणि याच काळात तुम्ही हजाराव्या दिवसाचा सोहळा केलात. २७ मे २०२३, जेद्दा. गंमत अशी की त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये, सेथ रॉलिन्सने एजे स्टाइल्सला हरवून एक नवा कोरा वर्ल्ड हेवीवेट बेल्ट जिंकला. तो का काढावा लागला? कारण रॉ कार्यक्रमाला चॅम्पियनच उरला नव्हता! हजार दिवसांचा अभिमान आणि त्या हजार दिवसांनी पाडलेलं भोक बुजवायचं ठिगळ, दोन्ही एकाच रात्री. तुमच्यापैकी कुणालाच हे खटकलं नाही का? मला तर ते बघताना हसू आवरेना. त्या रात्री रोमनने बेल्ट पणालाही लावला नव्हता. उसोंचा धाकटा भाऊ सोलो सिकोआ याच्याबरोबर जोडीच्या बेल्टसाठी तो केव्हिन ओवेन्स आणि सॅमी झेनशी लढला, आणि जिमीने त्याच्या थोबाडावर लाथ मारली. खरी बातमी ती लाथ होती, हजार हा आकडा नव्हे.

जुने आकडे काढून रोमनला त्यांच्या रांगेत बसवणंही मला पटत नाही. ब्रुनो सॅमार्टिनो १९६३ ते १९७१ असा सलग २८०३ दिवस चॅम्पियन होता. पण तेव्हा दर आठवड्याला घरबसल्या तासन्‌तास कुस्ती दिसत नव्हती. लोक मॅडिसन स्क्वेअर गार्डनचं तिकीट काढून जात आणि ब्रुनो तिथे असे, समोर कुणीतरी नवा राक्षस असे, बेल्ट पणाला लागलेला असे. जानेवारी १९७१ मध्ये इव्हान कोलॉफने त्याला हरवलं तेव्हा गार्डन इतकं चिडीचूप झालं की ब्रुनोला वाटलं आपले कानच गेले. त्या शांततेत २८०३ हा आकडा कुणाच्या मनात आला असेल असं मला वाटत नाही. तो आकडा नंतरच्यांनी मोजला.

चाहत्यांमध्ये एक जुना वाद आहे : रोमनने बेल्ट नेमका कधी सोडायला हवा होता? कार्डिफ, माँट्रियाल की लॉस एंजलिस? तुमच्यापर्यंत हे पोचत असेलच, तरी माझं मत सांगतो.

कार्डिफवाले म्हणतात, सप्टेंबर २०२२ मध्ये ड्रू मॅकिंटायर जिंकायला हवा होता. साठ हजारांवर लोक, स्कॉटलंडचा पोरगा, त्याची क्लेमोर ही लाथ बसलेली, पंच मोजतोय, आणि खालून एक हात आला आणि पंचाला पाय धरून बाहेर ओढलं. तो होता सोलो सिकोआ, मुख्य कार्यक्रमात पहिल्यांदाच दिसलेला. ओढलं ते पंचाला, पण पोटात गोळा आला तो लाखो लोकांच्या. त्याहून वाईट म्हणजे सामना संपल्यावर हरलेला ड्रू बॉक्सर टायसन फ्युरीबरोबर गाणं म्हणत उभा! अहो, ज्याच्या आयुष्याची संधी हुकली त्याला दहा मिनिटं दुःख तरी करू द्यायचं. जो हरला त्यालाच हरल्याचं काही वाटत नाही म्हटल्यावर आम्ही का वाटून घ्यावं?

माँट्रियालवाले सॅमी झेनचे. फेब्रुवारी २०२३, सॅमीचं गाव, बेल सेंटरमध्ये छप्पर उडेल असा आवाज. इथे मी बहुतेकांच्या विरुद्ध आहे. सॅमीची गोष्ट बेल्टची नव्हतीच. ती एका उपऱ्या पोराची होती, ज्याला एका घराने मांडीवर घेतलं आणि ज्याने शेवटी त्या घराच्या कर्त्याच्या पाठीत खुर्ची घातली. त्याची तहान वेगळी होती आणि ती रेसलमेनियात ओवेन्सबरोबर उसोंना हरवून भागली. बेल्ट मिळाला असता तर छानच वाटलं असतं, पण तो हट्ट आहे, गोष्ट नाही.

लॉस एंजलिस मात्र. तिथे माझा जीव अजून अडकलाय. कोडी छातीचा फाटलेला स्नायू सांधून परत आला होता, रंबल जिंकला होता, वडिलांना जो बेल्ट कधी मिळाला नाही तो मागत होता. लोक तयार होते. हेमनने पंचाचं लक्ष वळवलं, मागून सोलोने कोडीच्या गळ्यात अंगठा घातला, रोमनचा स्पिअर, म्हणजे धावत येऊन खांद्याने दिलेली धडक, आणि पंचाने मोजले तीन. मी पडदा बंद केला आणि बराच वेळ तसाच बसलो. राग रोमनचा नव्हता. रागाचं कारण इतकंच की हाच शेवट मी कार्डिफला पाहिला होता. माणूसही तोच. डाव एकदा टाकला की डाव असतो, दरवेळी टाकला की सवय होते.

तुम्ही म्हणाल, लॉस एंजलिसला कोडी जिंकला असता तर फिलाडेल्फिया झालं असतं का? नसतं झालं. हे मला मान्य करावं लागतं, आणि ते मान्य करताना जड जातं. जिमी-जेचा सगळा झगडा, जुलैमध्ये लंडनला जेने रोमनला पिन केलं तो क्षण (डिसेंबर २०१९ नंतर त्याला कुणी पहिल्यांदाच पिन केलं होतं), आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कोडीची जागा रॉकला द्यायला निघालात तेव्हा पेटलेलं रान, हे सगळं त्या एका जादा वर्षात झालं. ते रान तुम्ही विझवायला गेला नाहीत, त्यावरच स्वयंपाक केलात, याबद्दल तुम्हाला दाद देतो. आठवड्याभरात लास वेगासमध्ये पत्रकारांसमोर कोडीने पुन्हा रोमनलाच निवडलं आणि रॉक खलनायक झाला. इतक्या पटकन चूक कबूल करणारे लेखक विरळा.

पण त्या वर्षाची किंमत कुणी मोजली, तेही बघा. एलए नाइटचं नाव लोक रस्त्याने ओरडत होते. त्याला रियाधला नेलं, आणि तो जिंकणार नाही हे त्याच्या आईलाही माहीत असेल. जे उसो डेट्रॉइटला हरला तेही सख्ख्या भावाने दगा दिल्यावर, म्हणजे तिथेही बेल्ट मागे आणि घरातलं भांडण पुढे. शेवटच्या वर्षी खरा पणाला लागलेला दागिना होता तो रोमनच्या गळ्यातली माळ. बेल्ट नुसता खांद्यावर लटकत होता, हेमनच्या नाहीतर रोमनच्या.

हे वेगळ्या तऱ्हेने करता येतं हे तुम्हीच दाखवलंत, आणि तेही त्याच दिवसांत. गुंथर. १० जून २०२२ ला रिकोशेकडून इंटरकॉन्टिनेंटल बेल्ट घेतला आणि ६६६ दिवस ठेवला. दुय्यम बेल्ट, पूर्वी कुणी फारसं विचारत नव्हतं. पण गुंथर आठवड्याच्या साध्या कार्यक्रमातही तो पणाला लावायचा. शेमसशी त्याचा कार्डिफचा सामना आठवा : छातीवर पडणाऱ्या चापटांचा आवाज, शेमसच्या अंगावर उठलेले लाल वळ, आणि हरलेल्या शेमससाठी उभं राहिलेलं अख्खं स्टेडियम. किंवा सप्टेंबर २०२३ मध्ये चॅड गेबल. साधा रॉचा भाग, कुठला मोठा उत्सव नाही. गेबल इतक्या जवळ आला की मी खुर्चीच्या टोकाला आलो. हरला. कॅमेरा वळला तर कठड्यापाशी त्याची चिमुरडी मुलगी हमसून रडत होती. याच बेल्टचा हाँकी टाँक मॅनचा ४५४ दिवसांचा विक्रम त्याच आठवड्यात मोडला, पण आठवतं ते तिचं रडणं. गुंथरशी हरलेला माणूस सामन्याआधी होता त्यापेक्षा मोठा होऊन बाहेर पडायचा. शेमस झाला, गेबल झाला. रोमनशी हरलेला माणूस बहुतेकदा पुढच्या महिन्यात कुठे होता ते शोधावं लागायचं.

म्हणूनच ६ एप्रिल २०२४ ला, रोमनच्या पराभवाच्या आदल्या रात्री, त्याच मैदानात सॅमी झेनने गुंथरला पाडलं तेव्हा मला तो पराभव कुणाची कारकीर्द संपल्यासारखा वाटला नाही. बेल्ट जड झालेला होता आणि सॅमीला तो उचलताना आम्हाला दिसत होता. माँट्रियालवाल्यांनाही तेव्हा बरं वाटलं असावं.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. समालोचकांना दिवसांचा आकडा सांगायची बंदी करा. सांगायचाच असेल तर शेवटचा बेल्ट-सामना कधी झाला तो सांगू द्या. त्या एका गोष्टीने तुमचे बरेच निर्णय आपोआप सुधारतील, कारण १२५ दिवस हे वाक्य कुठल्याही समालोचकाला दर आठवड्याला अभिमानाने म्हणता येणार नाही. तो तीस दिवसांचा नियम खरा होता की नाही ते एकदा ठरवा. नसेल ठेवायचा तर साठचा करा, पण पाळा. चॅम्पियन वर्षातून थोड्याच रात्री येणार असेल तर दुसरा बेल्ट नंतर ठिगळ म्हणून काढू नका, आधीच वेगळा ठेवा. आणि बाहेरून कुणीतरी येऊन सामना फिरवण्याचा शेवट एका चॅम्पियनला वर्षातून एकदाच मिळावा. यातलं शेवटचं तुम्ही मान्य करणार नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहून ठेवतो.

कळावे.

आपला,
कार्डिफलाही ओरडलेला आणि फिलाडेल्फियालाही उभा राहिलेला एक प्रेक्षक

ता. क. : फिलाडेल्फियाच्या सामन्यात सेथ रॉलिन्स शील्डच्या, म्हणजे त्याच्या आणि रोमनच्या जुन्या टोळीच्या, काळ्या कपड्यांत आला. रोमनच्या हातात खुर्ची होती, कोडी समोर पडला होता, सेथ पाठमोरा होता. रोमनने कोडीला सोडून सेथच्या पाठीत खुर्ची घातली, २०१४ मध्ये सेथने त्याच्या पाठीत घातली होती अगदी तशी. तिथे त्याचा बेल्ट गेला. ही कल्पना तुमच्यापैकी ज्या कुणाची असेल, त्यांना माझा वेगळा नमस्कार सांगा.